पाठीतलं पाणी स्वच्छ आलं, तरीही: क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसचं एक प्रकरण

क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस म्हणजे क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला होणारा आजार. हे प्रकरण 2023 च्या पावसाळ्यातलं आहे. मी जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करतो. रुग्णाची आणि त्यांच्या पत्नीची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून ते लिहितो आहे. आमच्या चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत. हे मुख्यतः वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे, पण घरात कुणाला एचआयव्ही असेल अशा वाचकालाही समजावं असा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण चाळिशीतले, तालुक्याच्या गावी शिलाईचं दुकान. भरती झाले तेव्हा बावीस दिवस डोकं दुखत होतं. सुरुवातीला संध्याकाळी दुखायचं, मग दिवसभर. अंगात कणकण, दोन-तीनदा उलटी, वजन कमी झालेलं. गावातल्या डॉक्टरांनी आधी अर्धशिशीच्या आणि मग सायनसच्या गोळ्या दिल्या. नजर बिघडली म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबरही काढून झाला. शेवटी खासगीत डोक्याचा सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला.

नजरेबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दशः आठवतं. "साहेब, सुईच्या नेढ्यात दोरा बरोबर जातो. पण दुकानाच्या दारात उभं राहिलेलं गिऱ्हाईक दोन दिसतं."

जवळचं नीट आणि लांबचं दोन, हे लक्षण फार बोलकं आहे. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस अशक्त झाली की असं होतं. लांब पाहताना दोन्ही डोळे सरळ रेषेत लागतात आणि तिथे तो अशक्तपणा उघडा पडतो. कवटीतला दाब वाढला की लांब आणि अवघड वाटेने जाणारी ही नस लवकर ताणली जाते. चष्म्याच्या नंबराचा तिथे काही संबंध नसतो. हे वाक्य भरतीच्या कागदावर "दृष्टिदोष" असं एका शब्दात लिहिलं गेलं आणि तिथेच राहिलं.

पहिली रात्र

रुग्ण शुद्धीवर होते, पण उत्तरं द्यायला वेळ लावत होते. ताप 99.8. मान ताठ नव्हती. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी टीबीच्या मेनिंजायटिसची शंका घेतली. आपल्याकडे तीन आठवड्यांची डोकेदुखी, घटलेलं वजन आणि सुस्ती म्हटलं की हाच विचार आधी येतो आणि त्यात गैर काही नाही. रात्री अकराच्या सुमाराला पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, मणक्यात सुई घालून काढलं. ते पाण्यासारखं नितळ होतं. पेशी 4, प्रथिनं 62, साखर 38, टीबीत वाढणारं एडीए 7. त्याच वेळची रक्तातली साखर 104.

अहवालावर कुणीतरी पेन्सिलीने "जवळपास नॉर्मल" असं लिहिलं होतं. टीबी सुटू नये म्हणून एकेटी (टीबीची औषधं) आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. पाण्याचा दाब मोजला नव्हता. इंडिया इंकची, म्हणजे काळ्या शाईत बुरशी शोधायची, तपासणी मागितली नव्हती. सकाळी राउंडला मी हा सगळा कागद वाचला, मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे गेलो. निवासी डॉक्टरांपेक्षा माझी चूक मोठी होती, कारण साखरेचा तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. पाण्यातली साखर साधारणपणे रक्तातल्या साखरेच्या निम्म्यापेक्षा जास्त असते. इथे ती एक तृतीयांशाच्या थोडी वर होती. कुणीतरी ती खात होतं.

अडचण उलगडली ती अशी

त्या राउंडच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याशी एकट्याने बोललो. भाऊ चहाला गेला होता आणि पत्नी औषधांच्या रांगेत होती. आधी दुकानाबद्दल बोललो, मग विचारलं की पूर्वी कधी कुठल्या गोळ्या रोज चालू होत्या का. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "मशीनच्या खणात पुस्तक आहे. बायकोला सांगा, ती आणील." एआरटी सेंटरचं, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राचं, ते हिरवं पुस्तक होतं. सहा वर्षांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं होतं आणि पाच वर्षं गोळ्या नीट चालल्या होत्या. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी त्या सोडल्या. तब्येत छान होती, आणि सेंटरला जायचं म्हणजे दिवसभर दुकान बंद ठेवून रांगेत उभं राहायचं. एकदा त्या रांगेत गावातला एक ओळखीचा माणूस दिसला. पत्नीला आजार माहीत होता, गोळ्या बंद आहेत हे माहीत नव्हतं.

मी प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तंत्रज्ञ ताईंना नमुना लगेच फेकून न देण्याची सवय आहे, त्यामुळे पहिल्या रात्रीचं मिलिलिटरभर पाणी उरलं होतं. त्यांनी ते फिरवून तळाचा थेंब काचेवर घेतला आणि त्यात काळ्या शाईचा थेंब मिसळला. ही साधी चित्रकलेचीच शाई. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे काळंभोर दिसत होतं आणि त्या काळ्यात चंद्राला खळं पडावं तशी प्रकाशाची गोल वलयं होती. प्रत्येक वलयाच्या मधोमध एक गोल पेशी, आणि काहींना बाजूला कळी फुटत होती. शाईचे कण बुरशीच्या जाड आवरणात शिरू शकत नाहीत, म्हणून ते आवरण उजळ दिसतं. निदान झालं होतं: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स. रक्तातलं आणि पाण्यातलं क्रिप्टोकॉकल अँटीजेन, म्हणजे या बुरशीचा सुटलेला अंश, संध्याकाळपर्यंत पॉझिटिव्ह आलं. पुढे चौथ्या दिवशी कल्चरवर मलईच्या रंगाच्या वसाहती उगवल्या. सीडी4 पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना संपवतो त्या संरक्षक पेशी, 31 आल्या.

भरतीपासून निदानापर्यंत जवळजवळ चाळीस तास गेले. त्यात स्टेरॉइडचे सहा डोस झाले होते.

चारच पेशी का होत्या

सगळं प्रकरण माझ्या मते या आकड्याभोवती फिरतं, म्हणून इथे जरा थांबतो.

ही बुरशी माती, झाडांच्या ढोल्या आणि कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत असते. ती श्वासातून फुप्फुसात जाते. शहरात राहणाऱ्या बहुतेकांच्या फुप्फुसात ती कधी ना कधी गेलेली असते आणि त्यांना पत्ताही लागत नाही. फुप्फुसातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, सीडी4 पेशी इंटरफेरॉन-गॅमासारखे संदेश देऊन त्या भक्षक पेशींना मारण्याचं बळ देतात, आणि उरलीसुरली बुरशी पेशींच्या गाठीत कोंडली जाते. सीडी4 पेशी संपल्या की भक्षक पेशी तिला गिळतात पण मारू शकत नाहीत. बुरशी त्यांच्या पोटातच वाढते, तिथून सुटते आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते.

ताप, ताठ मान, गढूळ पाणी, शेकड्यांनी पेशी ही मेनिंजायटिसची आपण शिकलेली चिन्हं शरीर लढत असल्याची चिन्हं आहेत. या रुग्णाकडे लढायला कुणी उरलंच नव्हतं. म्हणून मान मऊ होती, ताप नावापुरता होता आणि पाणी नितळ होतं. चार पेशींचा अहवाल आम्ही दिलासा म्हणून वाचला. अशा रुग्णात तो धोक्याचा अहवाल असतो. शरीराचा प्रतिसाद शोधून निदान होणार नसेल तर बुरशीच शोधावी लागते, म्हणजे शाई, अँटीजेन आणि कल्चर. यातही शाईची तपासणी बुरशी कमी असेल तर चुकते. अँटीजेनची पट्टी क्वचितच चुकते आणि दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देते.

दाबाचं कारणही बुरशीच्या आवरणातच आहे. त्या आवरणाचा साखरेसारखा चिकट पदार्थ सुटून पाण्यात मिसळतो आणि पाणी रक्तात परत जाण्याच्या बारीक वाटा तुंबतात. सीटीवर सगळं ठीक दिसतं, पण आत पाणी तटून असतं. मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवायचं औषध) किंवा स्टेरॉइडने ते उतरत नाही. सुईने काढावं लागतं.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न औषधाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या सूचनेप्रमाणे लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाचा किलोला 10 मिलिग्रॅम असा एकच मोठा डोस आणि सोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधीच औषधं, हा पहिला पर्याय. आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या अँबिशन चाचणीवर तो उभा आहे. त्या चाचणीत दहा आठवड्यांत एक-डोसवाल्यांपैकी 24.8 टक्के आणि तुलनेच्या गटातले 28.7 टक्के रुग्ण दगावले. पण आम्हाला फ्लुसायटोसिन कुठेच मिळालं नाही आणि त्याच्याशिवाय एक डोस पुरतो असं कुणी दाखवलेलं नाही. एक डोस स्वस्त पडतो, नातेवाइकांनाही तोच हवा होता, तरी आम्ही तो नाकारला. दोन आठवडे रोज अँफोटेरिसिन आणि सोबत फ्लुकोनॅझोल 1200 मिलिग्रॅम असं ठरलं. फ्रिजमध्ये त्या संध्याकाळी साधं अँफोटेरिसिन होतं. लायपोसोमल येईपर्यंत थांबायचं की मूत्रपिंडाचा धोका पत्करून साधं सुरू करायचं? आम्ही सुरू केलं.

दुसरा प्रश्न एकेटीचा. सीबीनॅट (टीबीच्या जंतूची तपासणी) निगेटिव्ह होतं, पण त्याने टीबी पूर्ण नाकारता येत नाही. माझे एक सहकारी एकेटी चालू ठेवायच्या मताचे होते. माझं म्हणणं असं की रिफाम्पिसिन फ्लुकोनॅझोलची रक्तातली पातळी खाली आणतं, आणि छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी कशातही टीबीची खूण नाही. एकेटी थांबवली आणि लक्ष ठेवायचं ठरवलं. हा निर्णय पुढे बरोबर ठरला, पण त्या दिवशी तो निम्मा अंदाजच होता. स्टेरॉइडबद्दल वाद नव्हता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली क्रिप्टोडेक्स चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. डेक्सामेथासोन मिळालेल्यांत बुरशी हळू साफ झाली आणि अपंगत्व जास्त आलं.

तिसरा प्रश्न एचआयव्हीच्या गोळ्या केव्हा सुरू करायच्या हा. पत्नी रोज विचारायची, "गोळ्या सोडल्या म्हणून झालं ना, मग आजच द्या की." तिचं म्हणणं अगदी स्वाभाविक होतं. पण युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कोट चाचणीत, 2014 साली, लवकर गोळ्या सुरू केलेल्यांपैकी 45 टक्के रुग्ण सहा महिन्यांत दगावले आणि पाच आठवडे थांबलेल्यांपैकी 30 टक्के. ज्यांच्या पाण्यात पाचपेक्षा कमी पेशी होत्या त्यांना घाई सगळ्यात जास्त भोवली. आमच्या रुग्णाच्या चार होत्या. थांबायचं ठरलं.

काय केलं

त्याच संध्याकाळी पुन्हा पाणी काढलं, या वेळी दाब मोजून. मॅनोमीटर नव्हता. सुईला निर्जंतुक आयव्ही सेटची नळी जोडली, ती उभी धरली आणि पाणी किती चढतं ते पाहिलं. मोजायला सिस्टरांनी नवजात बाळांचं डोकं मोजायची टेप आणली. पाणी चढत गेलं आणि 41 सेंटिमीटरवर थांबलं. 20 पर्यंत आपण ठीक समजतो. 25 मिलिलिटर काढल्यावर ते 19 वर आलं. कुशीवर झोपलेले रुग्ण म्हणाले, "कुणीतरी डोक्यावरचा दगड उचलला." गेल्या तीन आठवड्यांत कुठल्याही गोळीने ते झालं नव्हतं.

अँफोटेरिसिन पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं, सलाइनमध्ये ते फुटतं. आधी लिटरभर सलाइन पोटॅशियम घालून, मग चार तास औषध. पहिल्या दिवशी हुडहुडीने खाट हलत होती. पाचव्या दिवशी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 0.9 वरून 1.9 झालं, पोटॅशियम 2.8 वर उतरलं. तोपर्यंत लायपोसोमल मिळालं आणि बदल केला. भावाने बाटली पाहून विचारलं, "हे ते काळ्या बुरशीचं इंजेक्शन ना?" 2021 मध्ये याच इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. औषध तेच, बुरशी वेगळी, आणि ही एकाकडून दुसऱ्याला होत नाही, हे त्याला समजावलं. दुकानावरच्या पत्र्यावर कबुतरं बसतात म्हणून झालं का, असंही त्याने विचारलं. कबुतरं उडवून हा आजार टळला नसता. गोळ्या चालू असत्या तर टळला असता.

सगळ्यात अवघड दिवस तिसरा होता. पाणी रोज काढायचं ठरलं होतं आणि भावाने नकार दिला. "मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो" हे त्याने गावात ऐकलेलं, आणि दोनदा काढल्यावर आता पुरे असं त्याचं म्हणणं. मी पाच मिनिटं समजावलं आणि ओपीडीला गर्दी होती म्हणून निघून गेलो. पहाटे तीनला सिस्टरांचा फोन आला: उलट्या, आणि समोरचं अंधुक दिसतंय. दाब 38 होता. त्यानंतर मी भावासोबत बाकावर बसून कागदावर पाठीचा कणा काढला. मज्जारज्जू कुठे संपतो आणि सुई त्याच्या किती खाली जाते ते दाखवलं. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर एकदाही नकार आला नाही. एकूण नऊ वेळा पाणी काढलं. चौदाव्या दिवसाचं कल्चर निर्जंतुक आलं, फ्लुकोनॅझोल 800 वर आणून सतराव्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या आठवड्यात एआरटी सुरू झाली, डोल्युटेग्राविरवाली एक गोळी.

दुसरं वळण

एआरटी सुरू होऊन चार आठवडे झाले आणि ते परत आले. डोकेदुखी, 101 ताप, आणि या वेळी मान ताठ. पाणी किंचित गढूळ, पेशी 140, दाब 29. अँटीजेन पॉझिटिव्ह. शाईत थोड्या बुरशीपेशी होत्या, पण कळ्या फुटलेल्या नव्हत्या. सीडी4 आता 118, विषाणूंची संख्या लाखांवरून दोनशेच्या खाली.

बुरशी उलटली की शरीर जागं झालं? आधीच्या वेळी कुणी लढत नव्हतं. आता सीडी4 पेशी परत आल्या होत्या आणि मेंदूच्या आवरणात साचलेल्या मेलेल्या बुरशीच्या अवशेषांवर तुटून पडल्या होत्या. याला आयरिस म्हणतात. पण ही शंका सिद्ध कशी करायची? अँटीजेन महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहतं, शाईत मेलेल्या पेशीही दिसतात. खरं उत्तर फक्त कल्चर देतं आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. स्टेरॉइड दिलं आणि बुरशी जिवंत निघाली तर तिला मोकळं रान. दिलं नाही आणि दाह असेल तर मेंदूची हानी.

पत्नीने फ्लुकोनॅझोलची रिकामी पाकिटं रबर लावून जपून ठेवली होती. मोजली, एकही गोळी चुकली नव्हती. यामुळे माझं माप आयरिसकडे झुकलं. तरीही कल्चर येईपर्यंत लायपोसोमल पुन्हा सुरू केलं, पाणी काढून दाब उतरवला, टीबीसाठी सीबीनॅट परत पाठवलं आणि एआरटी चालूच ठेवली. दहाव्या दिवशी कल्चर कोरं होतं. मग प्रेडनिसोलोन किलोला एक मिलिग्रॅम, सहा आठवड्यांत उतरवत बंद. तिसऱ्या दिवशी ताप गेला.

त्या दहा दिवसांतलं अँफोटेरिसिन कदाचित अनावश्यक होतं. तसा प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा देईन.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच रात्री दाब मोजायला हवा होता. नळी आणि टेप दोन्ही वॉर्डात होती. दोन आठवड्यांहून जुन्या डोकेदुखीसाठी पाणी काढताना शाई आणि अँटीजेन एचआयव्हीचा अहवाल येण्याआधीच मागायला हवं, कारण आमच्या रुग्णासारखी माणसं आजार सांगत नाहीत आणि त्यांची कारणं खरी असतात. लांबचं दोन दिसतं हे वाक्य कागदावर जसंच्या तसं लिहिलं असतं तर राउंडला मी दाबाचा विचार केला असता असं मला वाटतं.

पण खरी संधी त्याच्याही आधी हुकली. अँटीजेन डोकेदुखीच्या काही आठवडे आधी रक्तात दिसायला लागतं. सीडी4 100 च्या खाली असलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासावं, ही सूचना जुनीच आहे. ते पॉझिटिव्ह आलं, तर मेंदूपर्यंत आजार पोहोचलेला नाही याची खात्री करून फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवर रोखता येतं. त्यासाठी गोळ्या सोडलेला माणूस परत यायला हवा. सेंटरने त्यांना फोन केले होते, पण त्यांनी नंबर बदलला होता. रांगेत ओळखीचं कुणी दिसेल या भीतीवर प्रयोगशाळेत उपाय नाही. आम्ही इतकंच केलं की त्यांना शेजारच्या जिल्ह्यातल्या सेंटरला जोडून दिलं आणि तिथून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या. 2020 च्या अंदाजाप्रमाणे जगात या आजाराने वर्षाला 1 लाख 12 हजार एचआयव्हीबाधित दगावतात. त्यांतले बहुतेक असेच कुठल्या तरी रांगेतून बाहेर पडलेले असणार, असं मला मनापासून वाटतं.

आणि तिसऱ्या दिवशी भावासाठी द्यायला हवी होती ती वीस मिनिटं मी दिली नाहीत.

सध्याची स्थिती

आठव्या महिन्यात सीडी4 206, विषाणू दाबलेला, क्रिएटिनिन पूर्ववत. लांबचं दोन दिसणं तीन महिन्यांत गेलं. फ्लुकोनॅझोल 200 किमान वर्षभर चालेल. दुकान उघडलं आहे. पूर्वी चार गिऱ्हाइकांची मापं ते डोक्यात ठेवायचे, आता राहत नाहीत. पत्नी शेजारी स्टुलावर बसते, ते टेप धरून आकडे सांगतात आणि ती वहीत उतरवून घेते.